भोक पडलं की पाडलं? अंतराळयानातल्या घातपाताची कथा कशी रचावी

२९ ऑगस्ट २०१८ च्या रात्री आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातला हवेचा दाब हळूहळू उतरू लागला. उतार इतका मंद होता की जमिनीवरच्या नियंत्रकांनी झोपलेल्या सहा जणांना उठवलंही नाही. दुसऱ्या दिवशी एकेका दालनाचं दार लावून दाब मोजत गेल्यावर गळती सापडली, ती स्थानकाला जोडलेल्या सोयूझ एमएस-०९ या यानात. साधारण दोन मिलिमीटरचं भोक. त्यावर आधी कॅप्टॉनची (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची) चिकटपट्टी लावली आणि मग इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या गोंदात भिजवलेलं गॉज बसवलं. हवा जायची थांबली.

सुरुवातीला वाटलं, सूक्ष्म उल्का आदळली असेल. मग फोटो नीट पाहिले गेले. भोक गोल होतं आणि बाजूला ड्रिलचं टोक घसरल्यासारखे ओरखडे होते. ‘भोक पडलं’ म्हणणारे लोक ‘भोक पाडलं’ म्हणू लागले. मराठीत हा फरक फक्त एका कान्याचा आहे. पण ‘पडलं’ म्हटलं की विचारायचं असतं ‘कसं?’, आणि ‘पाडलं’ म्हटलं की ‘कुणी?’. दूरच्या मोहिमेवर निघालेल्या यानात घातपात आणि संशय यांची कथा लिहायची असेल, तर ती या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत घडते. ती जागा कशी तयार करायची आणि शेवटपर्यंत कशी टिकवायची, ते इथे पायरीपायरीने मांडतो.

पहिली पायरी: आधी बिघाड ठरवा, गुन्हेगार नंतर

नवे लेखक बहुधा खलनायकापासून सुरुवात करतात. सहा माणसं, त्यांतला एक फितूर, त्याचा काहीतरी हेतू. मग त्याच्यासाठी एखादा बिघाड शोधतात. अशा कथेत दहाव्या ओळीलाच वाचकाच्या मनात पाल चुकचुकते आणि पुढे सगळं अपेक्षेप्रमाणे घडतं. उलट्या बाजूने जा. एक बिघाड निवडा आणि स्वतःला विचारा: याची दोन प्रामाणिक स्पष्टीकरणं देता येतात का? एक अपघाताचं, एक हेतूचं. दोन्ही सारख्याच ताकदीची हवीत.

खऱ्या इतिहासात असे बिघाड भरपूर आहेत. जुलै १९९७ मध्ये रशियाच्या ‘मीर’ अंतराळ स्थानकावर एका अंतराळवीराच्या हातून चुकून एक महत्त्वाची केबल निघाली. स्थानकाची दिशा बिघडली, सौर पंखे सूर्यापासून वळले आणि वीज गेली. ही निव्वळ चूक होती. पण त्याच केबलवर तुमच्या कथेत कुणाचाही हात दाखवता येईल. १४ जानेवारी २०१५ ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर अमोनिया गळतीचा इशारा वाजला. अमेरिकी भागातली माणसं रशियन भागात गेली, दारं बंद झाली. नंतर कळलं की अमोनिया कुठेच गळला नव्हता, इशाराच खोटा होता. आणि खरंखुरं हेतुपुरस्सर कृत्य हवं असेल तर २००७ सालचं आहे: स्थानकावर जाणार असलेल्या एका संगणकाच्या आतल्या तारा कुणीतरी मुद्दाम कापल्या होत्या. उड्डाणाआधीच ते लक्षात आलं. कापणारा जमिनीवरचा होता, अंतराळवीर नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण तुमच्या संशयितांच्या यादीत यानाबाहेरची माणसंही असायला हवीत.

चांगल्या बिघाडाच्या अंगी माझ्या मते दोन गुण असावेत. तो मंद असावा, म्हणजे माणसांना एकमेकांकडे पाहायला वेळ मिळतो. स्फोटात कुणी कुणावर संशय घेत नाही, सगळे पळतात. आणि त्याचा पुरावा नाशवंत असावा. सोयूझचं भोक ज्या गोल दालनात होतं, ते दालन परतताना यानापासून वेगळं होऊन वातावरणात जळतं. म्हणून ११ डिसेंबर २०१८ ला दोन रशियन अंतराळवीर पावणेआठ तास बाहेर राहिले, सुरी आणि कात्रीने यानाचं आवरण कापलं आणि बाहेरून नमुने घेतले. २० डिसेंबरला यान उतरलं आणि भोक असलेलं दालन जळून गेलं. त्यानंतर तर्काला कुणीच लगाम घालू शकलं नाही. २०२१ मध्ये रशियन वृत्तसंस्थेने निनावी अधिकाऱ्याच्या हवाल्याने एका अमेरिकी अंतराळवीराकडे बोट दाखवलं. नासाने तो आरोप ठामपणे फेटाळला.

दुसरी पायरी: गणित करा

हे टाळू नका. गणित केलं की कथेला घड्याळ मिळतं.

पृथ्वीवरच्या दाबाची हवा निर्वातात निसटते तेव्हा भोकाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे सेकंदाला जेमतेम पाव ग्रॅम हवा जाते. दोन मिलिमीटर व्यासाच्या भोकाचं क्षेत्रफळ तीन चौरस मिलिमीटरच्या थोडं वर. म्हणजे सेकंदाला पाऊण ग्रॅम, आणि कडा खडबडीत असतील तर त्याहून कमी. एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो. तुमचं यान ३०० घनमीटरचं असेल तर आत ३६० किलो हवा आहे. तिचा दहावा हिस्सा जायला १३ ते १९ तास लागतील.

झालं, कथेची लांबी ठरली. दाबमापकाचा काटा हलल्यापासून माणसं अस्वस्थ होईपर्यंत एक झोप, दोन जेवणं आणि एक भांडण एवढा वेळ आहे. भोक दुप्पट व्यासाचं केलंत तर वेळ चौथाई होईल, कारण क्षेत्रफळ चौपट होतं. हवं तसं जुळवा, पण एकदा ठरवलेला आकडा मध्येच बदलू नका. जाणता वाचक मनात हिशेब करत असतो.

आणखी दोन आकडे वहीत लिहून ठेवा: माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो आणि तो जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो.

तिसरी पायरी: पृथ्वी किती लांब आहे ते ठरवा

स्थानक फक्त चारशे किलोमीटरवर असतं, तिथून फोनवर बोलावं तसं बोलता येतं. मंगळाची गोष्ट वेगळी. तो सुमारे साडेपाच कोटी किलोमीटर ते ४० कोटी किलोमीटर अंतरावर असतो, त्यामुळे संदेशाला एका दिशेने ३ ते २२ मिनिटं लागतात. प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत पाऊण तास जाऊ शकतो. तेवढ्या वेळात प्रश्न विचारणाऱ्याचं मत बदललेलं असतं.

म्हणून पृथ्वीशी होणारा संवाद संभाषणासारखा लिहू नका, पत्रांसारखा लिहा. पृथ्वीवरून सांत्वनाचा संदेश येतो, पण इथे त्याआधीच एकाने दुसऱ्याची कॉलर धरलेली असते. तो संदेश मग सगळ्यांना कसा ऐकू येतो, हे लिहा.

याहून मोठी संधी सूर्य देतो. साधारण २६ महिन्यांतून एकदा पृथ्वी आणि मंगळ सूर्याच्या दोन विरुद्ध बाजूंना येतात, आणि सुमारे दोन आठवडे मंगळावरच्या यानांना आज्ञा पाठवणं थांबवावं लागतं. तुमचं यान त्या वेळी मंगळाभोवती फिरत असेल तर १४ दिवस वर ना साहेब, ना डॉक्टर, ना न्यायाधीश. ही तारीख कॅलेंडरवर आधीपासून ठरलेली असते, सगळ्यांना माहीत असते. मला हे फार भयावह वाटतं: शांततेचे दिवस येणार आहेत आणि ते कधी येणार हे प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवलेलं आहे.

चौथी पायरी: माणसं आणि त्यांच्या पाळ्या

सहा माणसं पुरेत. सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. यान ‘अगस्ती’, मंगळाच्या कक्षेत. कमांडर वसुधा, वय अठ्ठेचाळीस. धाकटे तिला वसुधाताई म्हणतात. इंजिनिअर इक्बाल, डॉक्टर सुमेध, पायलट केतन, जीवशास्त्रज्ञ रेणू आणि संगणक सांभाळणारी तेरेसा. भोक सापडतं कोठारात, फळीमागच्या अस्तराखाली.

आता एक तक्ता करा. मोहिमेच्या प्रत्येक महिन्यात कोठारात कोण, कधी, कशासाठी गेलं? प्रत्येकाला तिथे जायचं एक तरी रास्त कारण द्या आणि प्रत्येकाची एक तरी अशी फेरी ठेवा जिची नोंद नाही. रेणू तिथे एकटं बसून रडायला जायची. सुमेध कुणाला न सांगता औषधांचा साठा मोजायचा. ही खासगी गुपितं घातपाताशी संबंधित नसतात, पण संशय सुरू झाल्यावर तीच लपवावी लागतात, आणि लपवणारा गुन्हेगार दिसतो. घातपाताच्या कथेतला सगळ्यात उपयोगी माल हाच.

पृथ्वीलाही संशयित करा. मॉस्कोत ३ जून २०१० ते ४ नोव्हेंबर २०११ असे ५२० दिवस सहा पुरुषांना बंदिस्त ठेवून मंगळमोहिमेची तालीम झाली, तिचं नाव ‘मार्स-५००’. तिथे आपापसांतल्या कुरबुरींपेक्षा बाहेरच्या नियंत्रण कक्षाशी झालेल्या कुरबुरींची नोंद कितीतरी जास्त झाली. कोंडलेला गट आपला राग बाहेर ढकलतो, कारण शेजारी झोपणाऱ्याशी वैर परवडत नाही. कथेत याचा क्रम सांभाळा. आधी ‘खाली बसलेल्यांना काय कळतंय’ असा सूर असू द्या. संपर्क तुटला की तो राग ओतायला बाहेर कुणी उरत नाही. तो आत वळतो. संशयाची सुरुवात तिथून दाखवा, भोक सापडण्याच्या क्षणापासून नव्हे.

पाचवी पायरी: संशय शरीरातून उगवू द्या

‘त्याला संशय येऊ लागला’ असं लिहून भागत नाही. अंतराळातल्या संशयाला शरीर असतं.

स्थानकावरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण मोकळ्या हवेच्या दहापटीच्या आसपास असतं. डोकं दुखतं, मरगळ येते. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, कारण वर नावाची दिशाच नसते. पंखा बंद पडला तर झोपलेल्याच्या तोंडाभोवती त्याचाच उच्छ्वास साठतो. आता विचार करा, इक्बाल रोज सकाळी डोकेदुखीने उठतो. त्याच्या खोपीतला पंखा अधूनमधून थांबतो. पंखा बिघडलाय की कुणी बंद करतंय? झोप नाही, डोकं ठणकतंय, आणि याच डोक्याने त्याला हे ठरवायचं आहे.

वासाचीही एक खरी कथा आहे. जुलै १९७६ मध्ये सोयूझ-२१ मधून दोन सोव्हिएत अंतराळवीर ‘सॅल्यूत-५’ स्थानकावर गेले. पुढे त्यांनी हवेला उग्र वास येत असल्याची तक्रार केली, एकाची तब्येत ढासळली, आणि २४ ऑगस्टला मोहीम आटोपती घेऊन ते परतले. फेब्रुवारी १९७७ मध्ये पुढचे दोघे श्वसनाचे मुखवटे लावून आत शिरले. हवा तपासली, तर ती ठीक निघाली. वास खरा होता का? जो श्वास घेत होता त्याच्यासाठी होताच. तुमच्या कथेत एका पात्राला असा वास येऊ द्या जो इतरांना येत नाही, आणि तो खरा की खोटा हे लगेच सांगू नका.

मग पुढच्या हालचाली. लहानातून मोठ्याकडे जा: कुणीतरी हत्यारांच्या पेटीतले ड्रिलचे बिट मोजतं. कुणी आपलं पाणी वेगळ्या पिशवीत भरून ठेवतं. दोघं जण पाळ्या अशा बदलून घेतात की एक झोपला असताना दुसरा जागा राहील. मग दार. मॉस्कोतच १९९९ च्या अखेरीस, अशाच एका बंदिस्त प्रयोगात नववर्षाच्या रात्री मारामारी झाली, एका सहभागी स्त्रीशी गैरवर्तन झालं, एक जण प्रयोग सोडून गेला, आणि दोन गटांमधलं दार काही काळ बंद राहिलं. अमेरिकी शटलच्या काही मोहिमांत कमांडरने बाहेरच्या दाराच्या दांड्याला कुलूप लावल्याचंही सांगितलं जातं. नासाच्या वैद्यकीय सूचनांत, एखादा अनावर झालाच तर त्याचे हातपाय चिकटपट्टीने बांधावेत, लवचीक दोरीने त्याला जखडावं आणि शांत करणारं औषध द्यावं, असं लिहिलेलं होतं. या सूचना वाचताना माझ्या मनात एकच विचार येतो: ज्याला बांधायचं, त्याच्यासोबत कालच जेवलेले असतात.

बांधायचा अधिकार कुणाला, हेही ठरवा. स्थानकावर कमांडरचा शब्द चालतो, आणि स्थानकाच्या भागीदार देशांमधल्या १९९८ च्या करारानुसार गुन्ह्याचा खटला ज्याच्या त्याच्या देशात चालतो. पण खटला म्हणजे परतीनंतरची गोष्ट. ‘अगस्ती’वर वसुधाने इक्बालला कोंडलं तर यान दुरुस्त करणारा कोण? सहा जणांच्या यानात तुरुंग परवडत नाही. हा पेच कथेच्या मध्यावर आणा.

सहावी पायरी: मराठीला काम करू द्या

या जागी मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण आपल्या भाषेत या कथेसाठी जी हत्यारं आहेत ती वापरलेली मला क्वचित दिसतात.

पहिलं हत्यार, सर्वनाम. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत असतो, ‘आम्ही’ म्हटलं की बाहेर. कथेच्या सुरुवातीला सगळे ‘आपण’ म्हणू देत: आपण कोठार तपासू, आपण आळीपाळीने झोपू. मग एके सकाळी तेरेसा केतनला म्हणते, “आम्ही रात्री नोंदी तपासल्या.” बस. फूट पडल्याचं वाचकाला कळलं. खाली एका वाक्यात स्पष्टीकरण द्यायचा मोह टाळा.

दुसरं, अरे-तुरे आणि अहो-जाहो. दोन वर्षं एकमेकांना ‘तू’ म्हणणारी माणसं. भोक सापडल्यावर सुमेध इक्बालला विचारतो, “तुम्ही शेवटचे कोठारात कधी गेला होता?” तो आदर दाराला लावलेल्या कडीसारखा ऐकू येतो. वसुधाताईला धाकटे ‘कमांडर’ म्हणू लागतील तो क्षणही असाच जपून ठेवा. एकदाच वापरा.

तिसरं आणि सगळ्यात मोठं, क्रियापदांच्या जोड्या. पडलं-पाडलं, तुटली-तोडली, सुटला-सोडला, फुटलं-फोडलं, जळालं-जाळलं. पात्रांच्या तोंडी यातलं कोणतं रूप येतं यावरून ते कुठल्या बाजूला आहेत ते ठरतं. मी तर म्हणेन, पहिला खर्डा झाल्यावर फक्त ही क्रियापदं लाल पेनाने खुणावत एकदा कथा वाचा. पहिल्या तृतीयांशात ‘पाडलं’ एकदाही यायला नको. ते पहिल्यांदा कोण उच्चारतं हा कथेचा सांधा आहे. ते रागीट माणसाच्या तोंडी देऊ नका. सगळ्यात शांत, सगळ्यांना आवडणाऱ्या पात्राला द्या. आपल्या कथेत ते रेणूला द्यावं असं मला वाटतं.

या जोड्यांच्या मधे आणखी एक रूप आहे: ‘माझ्याकडून पडलं’. हात माझा, हेतू नाही. लहानपणी कपबशी फुटल्यावर आपण सगळ्यांनी हे वाक्य म्हटलेलं आहे. ते लगेच म्हटलं तर माफी मिळते. दोन दिवसांनी म्हटलं तर विचारतात, मग तेव्हाच का नाही सांगितलंस? आणि १४० दिवसांनी, पृथ्वीशी संपर्क नसताना, पाच जण एकमेकांवर पाळत ठेवत असताना?

सोयूझच्या भोकाबद्दल एक तर्क असाही मांडला गेला होता की ते जमिनीवरच, कुणा कामगाराच्या चुकीने पडलं असेल. त्याने ते गोंदासारख्या कशाने तरी बुजवलं, गप्प बसला, आणि अंतराळात तो गोंद सुकून निघाला. हा तर्क खरा की खोटा ते बाजूला ठेवा. कथाकाराला त्यात अख्खी कथा सापडते.

सातवी पायरी: शोध हातांनी घडू द्या

तपासाचे प्रसंग पडद्यावरच्या आकड्यांनी भरू नका. २०२० मध्ये स्थानकाच्या ‘झ्वेझ्दा’ दालनात बारीक गळती होती, यंत्रांना नेमकी जागा मिळत नव्हती. ऑक्टोबरमध्ये अंतराळवीरांनी चहाच्या पिशवीतला चहा हवेत सोडला, कॅमेरे लावले, दार बंद केलं, आणि तरंगणाऱ्या पत्त्या जिकडे गेल्या तिकडे भेग सापडली. असा प्रसंग शंभर सेन्सरना भारी आहे.

‘अगस्ती’वर काय तरंगेल? मी हळद सोडेन. वसुधाने घरून आणलेली छोटी पुडी, सहा महिने पुरवून वापरलेली. शेवटची चिमूट कोठारात सोडली जाते, पिवळी रेघ सावकाश फळीमागे वळते. सहाही जण दारातून पाहत असतात, आणि त्यांतला एक जण रेघेकडे पाहत नसतो, कारण ती कुठे जाणार हे त्याला माहीत आहे. हे वाचकाला एकदाच, अर्ध्या वाक्यात दिसू द्या. दुसऱ्यांदा वाचताना ते त्याला सापडेल.

आठवी पायरी: शेवट

वाचकाला काही कळो न कळो, लेखकाला सत्य माहीत असलंच पाहिजे. ‘काय झालं ते कुणालाच कळलं नाही’ असा शेवट करायला हरकत नाही, पण तुम्हालाच ठाऊक नसेल तर धागे जुळणार नाहीत आणि ते लगेच दिसतं.

आपल्या उदाहरणात सत्य असं: एकेचाळिसाव्या दिवशी केतन कोठारात फळी बसवत होता. बिट जास्त खोल गेलं. एका क्षणाची शीळ ऐकू आली. त्याने बोटाने दाबलं, गोंद भरला, वर अस्तर ओढलं. संध्याकाळी सांगू, असं ठरवलं. संध्याकाळी रेणूचा वाढदिवस होता. १८१व्या दिवशी गोंद सुटला.

हा कबुलीचा प्रसंग लिहिताना केतनला भाषण देऊ नका. त्याच्या तोंडी फक्त “ताई, माझ्याकडून…” एवढं असावं, आणि पुढचं क्रियापद त्याला उच्चारता येऊ नये. इक्बाल अजून कोंडलेला आहे. त्याचं दार उघडायला कोण जातं ते ठरवा. मी सुमेधला पाठवेन, आणि तो काय म्हणतो त्यात ‘तू’ परत येतं की नाही हे त्या प्रसंगाचं सगळं वजन.

मग संपर्क सुरू होतो. सूर्य बाजूला सरलेला असतो, पृथ्वीवरून पहिला प्रश्न येतो: कोठारात काय घडलं, नोंद पाठवा. उत्तर वाट पाहणाऱ्यांपर्यंत पोचायला २१ मिनिटं लागणार आहेत, पण लिहायला एकच ओळ आहे. वसुधा नोंदवही उघडते. तारीख, वेळ, दाब, जागा. त्यानंतर तिला एक क्रियापद निवडायचं आहे, तीन आहेत, आणि पाच जण तिच्या हाताकडे पाहत आहेत.